गावाकडे पाठ केलेलं घर

आमच्या घराची पाठ गावाकडे होती आणि तोंड तापीकडे. गावातली बाकी घरं रस्त्याकडे बघायची, कोण आलं कोण गेलं याची दखल घ्यायची. आमचं घर दरडीच्या टोकाशी बसून दिवसभर पाण्याकडे बघत राहायचं. गावात म्हणत, भोयांना मासळीच्या वासाची लाज वाटते म्हणून त्यांनी दार पलीकडून काढलं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे ऐकून हसू यायचं. ते म्हणायचे, "ज्यानाकडथीन भाकर भेटस, त्यानाकडे तोंड करीसन बठनं." लाज वगैरे काही नव्हती. लाज आम्हाला पुढे गावाने शिकवली. त्या घरात होतो तोवर ती आमच्यापाशी नव्हती.

घर कसं होतं हे सांगायला हवं, कारण हल्ली जो तो मला तेच विचारतो. सागाचे आठ खांब, जमिनीत माणूसभर खोल गाडलेले, वर खापऱ्यांचं छप्पर आणि त्याखाली पूर्ण घराच्या लांबीचा माळा. भिंती म्हणजे बांबूचे कूड, शेणमातीने लिंपलेले. पण ते खांबांना पक्के ठोकलेले नव्हते, काथ्याने बांधलेले होते. तापी फुगायला लागली की आबा आणि माझा मोठा भाऊ हिरामण गाठी सोडायचे, कूड उचलून माळ्यावर टाकायचे, जाळी, पीठ, गोधड्या सगळं वर चढवायचे आणि आम्ही शाळेच्या ओट्यावर जाऊन बसायचो. पाणी घरात शिरायचं, अडवायला काही नसल्यामुळे पलीकडून निघून जायचं. खांब तेवढे उभे. पाणी उतरलं की घरभर मऊ काळा गाळ असायचा. माय तो गाळ फेकून देत नसे. त्यात शेण आणि भुसा कालवून त्याच गाळाने ती कूड पुन्हा लिंपायची. दरवर्षी नदी आमचं घर मोडायची आणि दरवर्षी तीच आम्हाला माती आणून द्यायची. मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांची घरं अशीच असतात.

नदीकडच्या अंगाला लांब ओटा होता. आमचं खरं घर तो ओटाच. सकाळी जाग यायची ती जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या ओट्यावरून घासत जातानाच्या आवाजाने. आबा पागायचं, म्हणजे फेकून मासे धरायचं, जाळं खांद्यावर टाकून निघालेले असत. ते परत येईपर्यंत माय चूल पेटवून ठेवी. पावसाळा सरला की, आणि पुन्हा उन्हाळ्यात, एका मोठ्या हंड्यात बाभळीच्या सालीचा काढा उकळायचा आणि त्यात सुती जाळी बुडवायची, म्हणजे ती कुजत नाहीत. तो काढा, ओलं जाळं आणि चुलीचा धूर असा मिळून एक वास आमच्या कपड्यांना असायचा. शाळेत माझ्या बाकावर म्हणूनच कोणी बसत नसे. मी ऐसपैस बसायचे.

मायचं नाव धुरपताबाई. अंगाने काटक, बोलायला कमी, पण हाताला विलक्षण चव. आबांनी मरळ आणली की ती राखेने घोळून, पाट्यावर घासून पांढरी करायची, मग काळ्या मसाल्यात आणि चिंचेच्या कोळात मंद शिजवायची. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि कच्चा कांदा. मासळी नसेल त्या दिवशी सुकवलेले झिंगे तव्यावर भाजून लसूण-मिरचीबरोबर वाटलेले असत. उन्हाळ्यात नदी आत सरकली की वाळूत आमच्या डांगरांच्या, म्हणजे खरबुजांच्या, वाड्या लागायच्या, आणि मग दोन महिने घरात मासळीपेक्षा डांगराचाच वास जास्त. मी आता एकटी राहते, तळोद्यात, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. झिंगे भाजायचे तर खिडक्या लावून घ्याव्या लागतात, कारण शेजारी सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार करतात. नोकरी संपवून म्हातारी झाले, आश्रमशाळेत मराठी शिकवत आयुष्य गेलं, तरी झिंगे मी चोरून भाजते.

तर घर. गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्याकडे कॅमेरे घेतलेली पोरं येतात. बोलायला गोड असतात. विचारतात, मॅडम, तुमच्या पारंपरिक घराचं वारसामूल्य तुम्ही कसं सांगाल? पहिल्यांदा हा शब्द ऐकला तेव्हा मी त्या मुलीला चहा दिला आणि कपबशा विसळायला आत निघून गेले. ती बिचारी समजली की मला गहिवरून आलं. गहिवर नव्हता. मला राग आवरत नव्हता, आणि पाहुण्या पोरीवर तो काढायचा नव्हता. आमचं घर उभं होतं तेव्हा त्याला गावात दोनच शब्द होते. एक 'भोयांचं खोपटं' आणि दुसरा मी इथे लिहीत नाही.

गावात दगाजी अण्णांचा शब्द चाले. ते सरपंच होते, जमीन-जुमल्याचे धनी होते, आणि वाईट माणूस म्हणून त्यांची कुठेच ख्याती नव्हती. लोक त्यांना देवमाणूस म्हणत. आबांकडची मोठी वाम किंवा मरळ आठवड्याला त्यांच्याकडे जायची. मागच्या दाराने, कारण पुढच्या घरात आम्ही जायचं नाही असा रिवाज होता. मायने टोपली मागच्या पायरीवर ठेवायची, आतून कोणीतरी भांडं पुढे करायचं, मासळी त्यात घालायची आणि निघायचं. पाणी मागितलं तर वरून ओंजळीत मिळायचं. त्यांच्या पुढच्या बैठकीत पितळी कड्यांचा एक मोठा झोपाळा होता, गुजरातेतून आणलेला. मागच्या दारातून, मधल्या घरातून आरपार, त्याचं एक टोक दिसायचं. मला त्या झोपाळ्याचं फार आकर्षण होतं. मी मायला विचारलंही होतं, आपल्याला कधी बसू देतील का. ती म्हणाली, "चाल, भाकरी टाकन्या शेतस."

मी दहावीला असताना अण्णांनी ठरवलं की नदीवर घाट बांधायचा. वरच्या अंगाला महादेवाचं देऊळ होतं, तिथून खाली पाण्यापर्यंत पायऱ्या, बाजूला मंडप. चांगली गोष्ट. पण पायऱ्या देवळासमोरून सरळ न उतरवता थोड्या तिरक्या आमच्या दरडीवरून उतरवायच्या होत्या. का, तर तिथे उतार सोपा आहे. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. देवाला येणाऱ्या लोकांच्या नाकाला आमच्या ओट्यावरची मासळी खुपत होती.

अण्णा स्वतः आले. घराच्या पाठीकडून आले, आणि आबांनी ओट्यावर या म्हटलं तरी आले नाहीत, रस्त्यावरच उभे राहिले. मी आणि माय कुडाच्या आतून ऐकत होतो.

"बुधा, समजी ले," अण्णा म्हणाले. "गावना इकास व्हई ऱ्हायना. तुले नाल्याकडे जागा देतस."

"इकास व्हऊ द्या ना, अण्णा. मी कोठे नही म्हणस? पन घाट देऊळना मोऱ्हे बांधा. तठे जागा शे."

"तठे खडक शे."

"आठे मन्हं घर शे."

 अण्णा अगदी शांतपणे, समजुतीच्या सुरात म्हणाले, "घर कसानं रे बाबा? कूड काढी टाकं की नुसता खांब ऱ्हातस. याले कोन घर म्हणस?"

आबा वळून ओट्याकडे गेले.  पाण्यावरच्या माणसाला वाद घालायची सवय नसते. पुढच्या आठवड्यात तालुक्याहून एक साहेब आले. तेही पाठीकडूनच आले, नाकाला रुमाल लावून घराभोवती अर्धा फेरा मारला, आत पाऊलही टाकलं नाही, आणि 'मोडकळीस आलेलं कच्चं बांधकाम, राहण्यास धोकादायक' असं ठरवून गेले. ज्या घरातून दर पावसाळ्यात आख्खी तापी वाहून जायची आणि खांब हलायचा नाही, ते घर धोकादायक. 

घर पाडायला अण्णांनी गावातली माणसं लावली नाहीत. गावातल्यांनी आबांच्या हातची मासळी खाल्ली होती, पुरात आबांनी त्यांची गुरं पोहून काढली होती. त्यांना जड गेलं असतं. म्हणून धडगावकडच्या डोंगरातून कामाला उतरलेली पावरा आदिवासी माणसं बोलावली. ती तेव्हा अण्णांच्या शेतात ऊस तोडायला आली होती. त्यांच्या मुकादमाचं नाव रुमाल्या. उंच, कानात बाळ्या, कुऱ्हाड खांद्यावर. त्यांना सांगण्यात आलं होतं की नदीवरचं एक रिकामं खोपट पाडायचं आहे. ती माणसं घराला वळसा घालून ओट्यावर आली तेव्हा माय चुलीपाशी होती. आबा आणि हिरामण पाण्यावर गेलेले. मी जिन्नस उचलून माळ्यावर चढवावेत की पळत जाऊन आबांना हाक मारावी, या विचारात जागीच उभी.

रुमाल्याने चुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, वाळत घातलेल्या जाळ्यांकडे पाहिलं. त्याची भाषा पावरी. आमच्याशी तो मोडक्या अहिराणीत बोलला. "आठे माणसं ऱ्हातस?"

"ऱ्हातस," माय म्हणाली.

"आमले त्यासनी सांगं, रिकामं शे."

माय उठली नाही. भाकरी तव्यावर होती, ती तिने उलटली. "मन्हा घर उनात, ते बठा," ती म्हणाली. "पहिले दोन घास खाई ल्या, मंग काय पाडनं ते पाडा."

आधी कोणी बसेना. मग रुमाल्याने कुऱ्हाड ओट्याच्या कडेला ठेवली आणि मांडी घातली, तशी बाकीचेही बसले. मायने आमच्यासाठी केलेला सगळा रस्सा त्यांना वाढला, भाकरी करत राहिली, पीठ संपलं तेव्हा मला मागच्या डब्यातलं काढायला लावलं. मी पाणी दिलं, तांब्याने, त्यांच्या हातात.  जेवून झाल्यावर रुमाल्याने नदीवर जाऊन हात धुतले, परत आला, एका खांबावर हात ठेवून वर माळ्याकडे बघितलं. मग मायला म्हणाला, "ज्या घरमा भाकर खादी, ते घर मी नही पाडाव." कुऱ्हाडी उचलून ती माणसं आली तशी निघून गेली. त्या दिवसानंतर अण्णांच्या शेतात त्यांना काम मिळालं नाही हे आम्हाला नंतर कळलं. रुमाल्याला मी पुन्हा कधी पाहिलं नाही. पुढे आश्रमशाळेत डोंगरातली पोरं शिकायला यायची, तेव्हा दर वर्षी नव्या पोरांना मी त्यांच्या बापाचं, आज्याचं नाव विचारत असे. सहकाऱ्यांना वाटे, बाईंना भारी चौकश्या.

आबांना वाटलं, संकट टळलं. अण्णांनाही लाज वाटली असेल, असं ते म्हणाले. माझे आबा असे होते. दुसऱ्याला लाज वाटते यावर त्यांचा मरेपर्यंत विश्वास होता.

मग आठवड्याचा बाजार आला. डांगरांचा हंगाम भरात होता. पहाटे आबांनी बैलगाडी ठरवली, आम्ही सगळेच निघालो, कारण डांगरं उतरवायला आणि विकायला माणसं लागत. बाजार चांगला झाला. मायने मला हिरव्या बांगड्या घेतल्या. परतताना गाडीत मी डांगराच्या बिया थुंकत, गाणं म्हणत होते, हे मला पक्कं आठवतं, कारण दरडीच्या वळणावर आलो आणि पलीकडचं पाणी दिसलं. त्या वळणावरून पाणी कधीच दिसत नसे. मध्ये आमचं घर असायचं.

ट्रॅक्टर आणला होता. खांबांना साखळदंड लावून ओढून काढले होते. खापऱ्यांचा चुरा, कुडांचे तुकडे, त्यात अडकलेली जाळी, फुटलेला हंडा, आणि काढ्याचा तांबडा ओघळ ओट्यावरून खाली वाळूत गेलेला. पाटा तेवढा शाबूत होता. खांब कुठेच नव्हते. जमिनीत आठ खड्डे होते, आणि खालच्या ओलीने त्यांच्या तळाशी पाणी झिरपायला सुरुवात झाली होती. आबा एका खड्ड्याच्या काठावर बसले. हिरामण कोयता शोधायला लागला. मी त्याला मिठी मारून धरून ठेवलं. गावातलं कोणी आलं नाही. सगळ्यांच्या दारांना कड्या. आम्ही बाजाराला जाण्याची अण्णांनी वाट पाहिली होती. भाकरी वाढणाऱ्या बाईसमोर ते घर पाडता येत नव्हतं, एवढं त्यांनाही कळलं होतं.

माय रडली नाही. तिने ढिगाऱ्याभोवती एक फेरी मारली, मग पदर खोचला आणि गावाकडे चालू लागली. मला वाटलं नातेवाइकांकडे निघाली. मी मागोमाग गेले. ती अण्णांच्या वाटेला लागली, आणि मागच्या गल्लीत न वळता सरळ पुढच्या दाराने आत गेली. चपला काढल्या नाहीत. बैठकीत अण्णा दोन पाहुण्यांशी बोलत होते. माय कोणाकडेही न बघता झोपाळ्यावर जाऊन बसली. मासळीच्या वासाचं, दिवसभर बाजारात डांगराच्या टोपल्यांना घासलेलं ते लुगडं, धुळीने भरलेले पाय. कड्या करकरल्या. ती आवाज न करता हलकेच झोका घेऊ लागली.

अण्णांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "धुरपता, हाई काय करी ऱ्हायनी तू?"

"मन्हं घर नही ऱ्हायनं, अण्णा," माय म्हणाली. "मी आते आठेच ऱ्हासू."

घरातल्या बायका मधल्या दारात गोळा झाल्या. कोणीतरी म्हणालं, उठवा तिला. पण उठवायचं म्हणजे तिला हात लावावा लागणार. ज्या शिवाशिवीने आम्हाला मागच्या पायरीवर ठेवलं, तिनेच त्या दिवशी त्यांचे हात बांधले. गडीमाणसं उंबऱ्याशी येऊन थबकली. अण्णा आधी रागावले, मग समजावू लागले, मग पाहुण्यांना घेऊन बाहेर गेले. माय झोका घेत राहिली. मी तिच्या पायाशी, फरशीवर बसले होते. मला भीती वाटत होती, तरी मी तिथून हलले नाही. मी वर पाहिलं आणि माय म्हणाली, "बठ ना वर. तुले बठानं व्हतं ना?" मी तिच्याशेजारी बसले. अण्णांच्या बायकोने तोंडाला पदर लावला.

दिवस मावळायला आला तेव्हा अण्णा पोलीस पाटलांना आणि चार माणसांना घेऊन आले. सगळ्यांसमोर नाल्याकडची जागा आणि वर पक्की खोली बांधून द्यायचं कबूल केलं. माय म्हणाली, "खांब?" अण्णा म्हणाले, खांब कुजलेले होते, मंडपाच्या कामाला आणि जळणाला गेले. माय झोपाळ्यावरून उठली. आम्ही पुढच्याच दाराने बाहेर पडलो. तो झोपाळा त्यांनी नंतर आठवडाभर गोमूत्राने धुतला, असं गावात सांगत. शेवटी कोणीच बसेना, तेव्हा तो काढून टाकला.

नाल्याकाठची खोली झाली. सिमेंटच्या भिंती, पत्रा, एक दार, रस्त्याकडे. आबा तिला कधी घर म्हणाले नाहीत, 'खोली' म्हणायचे. पहिल्याच पावसाळ्यात नाल्याचं पाणी आत शिरलं आणि आतच राहिलं, कारण त्याला जायला वाट नव्हती. आम्ही भांड्यांनी उपसत बसलो. त्या पाण्याला घाण वास होता आणि त्यातून माती मिळत नव्हती. आबा नदीवर जायचे, पण पूर्वीसारखे नाही. रस्ता लांब पडायचा, घाटावरून जाळं घेऊन उतरायला मनाई होती. मी तळोद्याच्या वसतिगृहात गेले, शिकले, नोकरीला लागले. लोक म्हणतात, शिकलीस, चांगलं झालं, घर गेलं म्हणून तरी बाहेर पडलीस. हे वाक्य माझ्यासमोर कोणी म्हणू नये. घर राहिलं असतं तरी मी शिकले असते. मायने मला दहावीपर्यंत शिकवलंच होतं.

आबा गेले, माय गेली. हिरामण आजही त्या खोलीत असतो. आणि गेल्या हिवाळ्यात मला एक फोन आला. दगाजी अण्णांचा नातू, प्रतीक. नदीकाठी त्याने सुरतेच्या पाहुण्यांसाठी लॉज काढला आहे. बोलणं फार अदबीचं. "मॅडम, भोई समाजाच्या वारशावर तुम्ही दोन शब्द बोलाल का? उद्घाटन आहे." मी हिरामणला विचारलं, चलतोस का. तो म्हणाला, "मन्हाकडथीन व्हवाव नही, ताई तू जाय." तो मला मोठा असून ताई म्हणतो, मास्तरीण झाले तेव्हापासून.

मी एसटीने गेले. बागेच्या मधोमध, पाण्याकडे तोंड करून, एक छपरी उभी केली होती. खापऱ्या नव्या, खाली गुळगुळीत फरशी, बसायला बाज. आणि आठ खांब. पॉलिश केलेले, चकचकीत. मी ते ओळखले. कसे ओळखले ते सांगता येत नाही. गर्दीत आपल्या माणसाची पाठ ओळखावी तसे. ते कुजले नव्हते. जळणात गेले नव्हते. मी एका खांबाला टेकून उभी राहिले तेव्हा प्रतीक आला, पाया पडला, म्हणाला, "आजोबांनी गोदामात जपून ठेवले होते. ओरिजिनल आहेत."

मी त्याला सगळं सांगितलं. ट्रॅक्टर, साखळदंड, बाजाराचा दिवस. त्याने ऐकून घेतलं, हे खरं. त्याला माहीत नसावं, हेही खरं. म्हणाला, "मॅडम, तेव्हा मी जन्मलोही नव्हतो."

"तू नव्हतास. खांब होते," मी म्हणाले. "परत दे."

तो गोंधळला. मग खरोखरच विचारल्यासारखं त्याने विचारलं, "देईन, पण तुम्ही उभे कुठे कराल?"

 नाल्याकाठच्या खोलीत आठ खांब मावत नाहीत. तळोद्याच्या फ्लॅटमध्ये एकही नाही. माझा सगळा राग त्या एका प्रश्नापुढे येऊन थांबला, आणि अजूनही तिथेच उभा आहे. घर काढून घेतात तेव्हा ते परत ठेवायची जागाही काढून घेतात, हे मला त्या वेळी समजलं.

मग माइक दिला. मी अहिराणीत बोलले, मुद्दाम. सांगितलं की हे घर मन्हं शे, याच गावाने ते पाडलं, मन्ही मायने या लोकांच्या झोपाळ्यावर बसून एक खोली मिळवली. बोलून झालं तेव्हा पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईने डोळे पुसले आणि नंतर माझ्याबरोबर फोटो काढला. बाजूला जेवणाच्या टेबलांवर 'भोई पद्धतीची मरळ' वाढत होते. त्यात चिंच नव्हती.

निघताना छपरीच्या पाटीपाशी मी प्रतीकला थांबवलं. पाटीवर सुंदर अक्षरात लिहिलं होतं: 'तापीकाठच्या पारंपरिक मासेमार कुटुंबाचं घर. काळाच्या ओघात पडलेल्या या घराचे मूळ सागवानी खांब येथे जतन केले आहेत.' आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासल्या आहेत, चूक दिसली की माझा हात आपोआप जातो. मी म्हणाले, "नाव नको टाकूस. आजोबांचंही नको. फक्त 'पडलेल्या' आहे ना, त्यातल्या प-ला एक काना दे. आणि काळाचा ओघ काढून टाक, त्याचा यात हात नव्हता."

तो हसला. मी गंमत करते आहे असं त्याला वाटलं. "बघतो, मॅडम," म्हणाला.

हिरामण परवा तिकडून गेला होता. पाटी तशीच आहे. तेव्हा मी इथे लिहून ठेवते. ते घर बुधा भोई आणि धुरपताबाई यांचं होतं. ते पडलं नाही. पाडलं.